फोटोतली माशी

कुंभारमाशीचे घर आपण सगळ्यांनी पाहिलेले असते. खिडकीच्या चौकटीत, दारामागे, कधी वर्गात टांगलेल्या नकाशाच्या पाठीशी ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून एकेक खोली बांधते. नांगी मारून लुळे पाडलेले कोळी तीत भरते, अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. काही आठवड्यांनी खोलीला गोल भोक पडते आणि नवी कुंभारमाशी बाहेर येते. निदान आपली अपेक्षा तशी असते.

एका शाळेतल्या विज्ञानशिक्षकांची ही अपेक्षा फसली, म्हणून त्यांनी आम्हाला तीन फोटो पाठवले. पहिल्या फोटोत मातीचे घर होते. त्याच्या एका भोकातून तपकिरी, पोकळ, काटेरी टरफलासारखे काहीतरी अर्धे बाहेर आलेले दिसत होते. दुसऱ्या फोटोत शेजारी बसलेला एक काळसर, केसाळ किडा समोरून टिपला होता आणि तिसऱ्यात तोच किडा वरून. मुलांना काय सांगू, एवढेच त्यांनी विचारले होते.

पहिले दोन फोटो पाहून आम्ही घाईने 'ही एक रानमधमाशी असावी' असे लिहूनही टाकले. तिसरा फोटो मोठा करून पाहिला आणि लिहिलेले खोडावे लागले. मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी यांना चार पंख असतात. या किड्याला दोनच होते. म्हणजे तो घरमाशी आणि डास यांच्या द्विपंखी गणातला. बसताना आडवे पसरलेले, पुढच्या कडेला काळपट असलेले पंख आणि भोकात अडकलेले ते टरफल पाहून कुलही कळले: बाँबिलिडी. इंग्रजीत यांना 'बी-फ्लाय' म्हणतात. दिसायला मधमाशी, पण मधमाशी नव्हे. या लेखापुरते आपण तिला 'तोतया माशी' म्हणू.

पण तिची जाती कोणती? तिथे आम्ही थांबलो. कुल नक्की, प्रजाती बहुधा अँथ्रॅक्स, जाती फोटोंवरून सांगता येणार नाही, असे आम्ही कळवले. शिक्षकांचे समाधान झाले नाही. फोटो इतके स्वच्छ आहेत, मग का सांगता येत नाही, असे त्यांनी विचारले.

प्रश्न रास्त होता. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांत जगभरच्या वर्गीकरणतज्ज्ञांमध्ये याच प्रश्नावरून मोठा वाद झाला, आणि तो पेटला होता याच कुलातल्या एका दुर्मिळ माशीवरून. त्या वादाची आणि त्यामागच्या जुन्या इतिहासाची ही हकिगत.

एका शिक्षकाचा शोध

आधी या माश्यांचे आयुष्य पाहू. ते उलगडण्यात मोठा वाटा आहे तो फ्रान्समधल्या एका शाळामास्तरांचा.

जाँ-आंरी फाब्र (१८२३–१९१५) विशीत असताना दक्षिण फ्रान्समधल्या कार्पांत्रा गावी शिकवत होते. जमीन मोजणीचे धडे देण्यासाठी ते मुलांना उघड्या माळावर नेत. साखळी आणि खुंट्या घेऊन गेलेली मुले मध्येच थांबत, एखादा दगड उचलत आणि काडीने काहीतरी चोखू लागत. चौकशी केल्यावर कळले की तिथली गवंडी मधमाशी दगडांवर चुना-मातीसारखे टणक घर बांधते आणि त्यात मध ठेवते. मोजणी बाजूला राहिली, पण या मधमाश्यांनी फाब्र यांना जन्मभराचे काम दिले.

या गवंडी मधमाशीच्या बंद खोल्यांत फाब्र यांना कधी कधी भलतीच अळी सापडे. ती अँथ्रॅक्स माशीची होती. या ग्रीक शब्दाचा अर्थ कोळसा. माशीच्या काळ्या रंगावरून तिला ते नाव पडले आणि काळपुळीच्या रोगालाही त्याच शब्दावरून. १८८६ मध्ये आलेल्या आपल्या कीटकविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात फाब्र यांनी तिची कथा सांगितली आहे. या अळीला चावून खाण्याजोगे जबडे नसतात. ती मधमाशीच्या गुबगुबीत अळीला आपले चोखणीसारखे तोंड लावते आणि तिला हळूहळू शोषून घेते. कातडीवर कुठे जखम झालेली फाब्र यांना दिसली नाही. शेवटी यजमान अळीची फक्त चुरगळलेली कातडी उरते.

मग दुसरे कोडे उभे राहते. प्रौढ माशी मऊ असते, तिच्याजवळ फोडायला-पोखरायला काही हत्यार नसते. अशी माशी त्या टणक भिंतीतून बाहेर येते कशी? फाब्र यांनी दाखवून दिले की हे काम माशी करतच नाही, तिचा कोष करतो. कोषाच्या डोक्यावर कठीण काळे काटे आणि अंगावर ताठ केस असतात. तो पुढे-मागे हलत, वळत भिंत पोखरतो, अर्धा बाहेर येतो आणि तिथेच अडकून राहतो. मग तो उकलतो, माशी उडून जाते आणि रिकामी कात भोकात राहते. आमच्या शिक्षकमित्रांच्या पहिल्या फोटोतले 'टरफल' हेच.

अशा परोपजीवी जीवनक्रमाला नशिबाची साथ फार लागते. अनेक तोतया माश्यांची मादी पोटाच्या टोकाशी असलेल्या कप्प्यात बारीक वाळू भरून घेते, अंड्यांना धुळीचा लेप देते आणि हवेत एका जागी तरंगत बिळांच्या दिशेने ती झटकते. बारीक अळीने पुढची वाट स्वतः शोधायची. बहुतेक अळ्या मरतात. शिवाय प्रौढ माशीचे आयुष्य लहान असते. म्हणून या कुलातल्या साडेचार हजारांहून अधिक जातींपैकी कित्येक आपल्याला एक-दोन नमुन्यांवरूनच माहीत आहेत. भारतातील या कुलाची माहिती १९२० मध्ये 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेतल्या एका खंडात एन्रिको ब्रुनेट्टी यांनी एकत्र केली. हे गृहस्थ पेशाने संगीतकार होते आणि कलकत्त्यात राहून माश्यांचा अभ्यास करत.

भुंग्याचे सोंग

आता दक्षिण आफ्रिकेकडे वळू. तोतया माश्यांमध्ये मार्लेयिमिया नावाची एक प्रजाती आहे. दक्षिण आफ्रिकेतले कीटकशास्त्रज्ञ हेसे यांनी १९५६ मध्ये ती स्थापन केली. तिच्यात दोनच जाती होत्या, एक दक्षिण आफ्रिकेतली आणि दुसरी हजारो मैलांवरच्या मलाया द्वीपकल्पातली. दोन्ही अतिशय दुर्मिळ.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठातले स्टीफन मार्शल हे माश्यांचे अभ्यासक आणि तितकेच नावाजलेले छायाचित्रकार. दक्षिण आफ्रिकेत त्यांना एक केसाळ किडा दिसला. पाहणाऱ्याने लाकूड पोखरणारा भुंगाच म्हटले असते, इतके सोंग बेमालूम. त्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. हवाई बेटांवरच्या बिशप संग्रहालयातले नील इव्हेन्हाइस हे तोतया माश्यांचे जगन्मान्य जाणकार. १९९९ मध्ये डेव्हिड ग्रेटहेड यांच्यासह त्यांनी या कुलाची जागतिक सूची तयार केली होती. मार्शल आणि इव्हेन्हाइस दोघांनी मिळून छायाचित्रे तपासली.

छायाचित्रावरून माशी ओळखण्यात सगळ्यात मोठी मदत होते ती पंखांची. माशीच्या पारदर्शक पंखांवर शिरांची जाळी असते. कोणती शीर कुठे फुटते, कुठे वळते, कोणत्या दोन शिरा पंखाच्या कडेला पोचण्याआधीच मिळतात, हे कुलागणिक आणि पुष्कळदा प्रजातीगणिक ठरलेले असते. रंग उन्हात विटतो, केस गळतात, पण शिरांचा नकाशा बदलत नाही. आणि हा नकाशा सपाट असल्यामुळे एका चांगल्या फोटोत पूर्ण मावतो. ज्याला हजारो पंख पाहायची सवय आहे त्याला तो नकाशासारखाच वाचता येतो.

शिरा, शरीराची ठेवण आणि केसांची मांडणी पाहून दोघांची खात्री झाली की ही मार्लेयिमियाच आहे आणि आधीच्या दोन्ही जातींहून वेगळी आहे. २०१५ मध्ये त्यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले मार्लेयिमिया झायलोकोपी, कारण झायलोकोपा हे भुंग्याच्या प्रजातीचे नाव. टाचणीला टोचून पेटीत ठेवलेली माशी मात्र त्यांच्याजवळ नव्हती. होती ती फक्त छायाचित्रे, आणि लेखाच्या शीर्षकातच त्यांनी तसे उघड सांगितले होते.

वाद

वर्गीकरणशास्त्रात प्रत्येक जातीला एक आद्य नमुना असतो, त्याला 'टाइप' म्हणतात. पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा ठोकळा २०१९ पर्यंत जसा जगाचा किलोग्रॅम होता, तसा हा नमुना त्या नावाचा आधार असतो. पुढे कधी शंका आली तर संग्रहालयात जाऊन तो पाहायचा आणि निर्णय करायचा. मार्शल आणि इव्हेन्हाइस यांनी असा नमुना नसताना नाव दिले म्हणून अनेक तज्ज्ञ संतापले. २०१६ मध्ये 'झूटॅक्सा' या नियतकालिकात छायाचित्रांवर आधारलेल्या वर्गीकरणाविरुद्ध एक निवेदन आले. त्यावर जवळजवळ पाचशे शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. त्यांचे म्हणणे असे: फोटोत जे दिसत नाही ते पुढे कधीच पाहता येणार नाही. माश्यांच्या जवळच्या जाती पुष्कळदा जननेंद्रियांच्या सूक्ष्म रचनेवरूनच वेगळ्या ओळखू येतात, आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून पाहावी लागते. फोटोतून डीएनए काढता येत नाही. शिवाय फोटोत फेरफार करता येतो. आज संगणक कधीच न घेतलेली 'छायाचित्रे' बनवू लागला आहे, तेव्हा ही शेवटची भीती कमी झालेली नाही.

दुसरी बाजूही पोकळ नव्हती. अनेक देशांत नमुने गोळा करण्याचे परवाने मिळवणे फार अवघड झाले आहे. कॅमेरे मात्र सर्वांच्या हाती आहेत. जी माशी आयुष्यात एकदाच दिसली, तिचे उत्तम फोटो असताना तिला अनाम ठेवण्यात कोणाचा फायदा?

आणि नियम काय सांगतो? प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेची चौथी आवृत्ती २००० सालापासून लागू आहे. तिच्यात असे कलम आहे की चित्र आद्य नमुना म्हणून दाखवले, तर चित्रात दिसणारा प्राणी हा आद्य नमुना समजावा, आणि तो प्राणी आज उरला नाही किंवा सापडत नाही एवढ्यावरून नाव बाद होत नाही. म्हणजे नियमाने मार्शल आणि इव्हेन्हाइस चुकले नव्हते.

चित्रांवरून ठेवलेली नावे

असे कलम आले कुठून? त्याचे कारण इतिहासात आहे. आधुनिक नामकरणाचे जनक कार्ल लिनियस यांनी कित्येक जातींना नावे दिली ती इतरांच्या चित्रांवरून. कोचीनचे डच अधिकारी व्हान रीड यांनी १६७८ ते १६९३ या काळात 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ अ‍ॅमस्टरडॅमला छापला. त्यातल्या मलबारच्या वनस्पतींची चित्रे लिनियसनी आधाराला घेतली. सुरिनामच्या कीटकांची मारिया सिबिला मेरियन यांनी काढलेली आणि १७०५ मध्ये छापलेली चित्रेही तशीच उपयोगी पडली. चित्र त्याज्य ठरवले तर ही जुनी इमारत डळमळेल.

पण याच काळातली एक फसवणूकही सांगायला हवी. १७०२ मध्ये विल्यम चार्लटन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी लंडनचे संग्राहक जेम्स पेटिव्हर यांना एक फुलपाखरू पाठवले. पिवळ्या पंखांवर काळे ठिपके आणि निळ्या चंद्रकोरी. पेटिव्हर यांनी त्याचे चित्र छापले. १७६३ मध्ये लिनियस यांनी त्याला पॅपिलिओ एक्लिप्सिस, म्हणजे ग्रहणाचे फुलपाखरू, असे नाव दिले. जगात दुसरे कोणालाच सापडले नाही. १७९३ मध्ये लिनियस यांचे शिष्य फॅब्रिशियस यांनी मूळ नमुना निरखला आणि बिंग फुटले. इंग्लंडमधल्या साध्या पिवळ्या फुलपाखरावर कोणीतरी रंग लावला होता.

या गोष्टीतून पहिला धडा घेतला जातो तो असा की नमुनाही खोटे बोलू शकतो. ते खरेच आहे. पण आम्हाला त्यापुढचा धडा मोलाचा वाटतो. खोटे उघडकीस आले ते नमुना शिल्लक होता म्हणून. छापलेल्या चित्राकडे आणखी शंभर वर्षे पाहत बसलो असतो तरी चित्रातला रंग खरडून पाहता आला नसता. चित्र काढताना जो प्रश्न मनात होता त्याचेच उत्तर चित्र देते. नमुन्याला नंतर सुचलेले प्रश्नही विचारता येतात.

एक पीस, एक थेंब

मग प्रत्येक वेळी जीव घ्यायलाच हवा का? पक्ष्यांच्या अभ्यासकांना हा प्रश्न आधीच पडला होता. सोमालियात १९८८ मध्ये एक अनोळखी खाटीक-जातीचा पक्षी दिसला. त्याला पकडून अभ्यास केला आणि न मारता सोडून दिले. १९९१ मध्ये त्याचे लॅनिएरियस लिबरेटस असे नामकरण झाले. लिबरेटस म्हणजे मुक्त केलेला. मात्र त्याची पिसे आणि रक्त राखून ठेवले होते. २००८ मध्ये डीएनएची तुलना झाली तेव्हा कळले की ही स्वतंत्र जाती नव्हतीच, आधी माहीत असलेल्या जातीचे ते वेगळ्या रंगाचे रूप होते. चूक दुरुस्त झाली ती त्या राखून ठेवलेल्या अंशामुळे.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांनी अरुणाचल प्रदेशातल्या ईगलनेस्ट अभयारण्यात एक नवा पक्षी शोधला. बुगुन लिओसिक्ला या नावाने २००६ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. तेव्हा त्याचे जेमतेम चौदा पक्षी माहीत होते. एक मारणे म्हणजे जातीचाच घात करण्याची शक्यता. म्हणून पकडलेल्या पक्ष्याची मापे आणि फोटो घेतले, गळालेली पिसे ठेवली आणि पक्षी सोडून दिला.

माशीची गोष्ट वेगळी आहे हे मान्य करायला हवे. एक माशी गोळा केल्याने तिची जाती सहसा धोक्यात येत नाही. तिचे खरे वैरी म्हणजे नांगरली गेलेली माळराने आणि फवारणी. आणि माशीचे 'पीस' काढून घेता येत नाही. म्हणून कीटकांसाठी आम्हाला मलेशियातले उदाहरण अधिक अनुकरणीय वाटते. २०११ मध्ये तिथल्या एका हौशी छायाचित्रकाराने जाळीदार पंखांच्या एका सुंदर किड्याचा फोटो घेतला. तो अमेरिकेतले शास्त्रज्ञ शॉन विंटरटन यांच्या पाहण्यात आला. ही नवी जाती आहे असे त्यांना जवळजवळ लगेच वाटले, पण त्यांनी नाव दिले नाही. छायाचित्रकाराला तो किडा पुन्हा सापडेपर्यंत ते थांबले. नमुना मिळाल्यावर लंडनच्या संग्रहालयातले नमुने ताडून पाहिले आणि २०१२ मध्ये सेमाक्रायसा जेड हे नाव प्रसिद्ध झाले. शोध फोटोने लावला, निर्णय नमुन्याने दिला, आणि लेखकांमध्ये छायाचित्रकाराचेही नाव आले.

दक्षिण आफ्रिकेतल्या माशीच्या वादावर २०१७ मध्ये नामकरण आयोगाने एक घोषणा काढली. जतन केलेला नमुना नसतानाही नाव देण्याची मुभा कायम राहिली, पण शिफारशी जोडल्या गेल्या. नमुना का ठेवला नाही याचे कारण लेखकांनी सविस्तर द्यावे आणि दुसरे काही जपता येते का ते आधी पाहावे, हा त्यांचा रोख. आम्हाला हा निवाडा समंजस वाटतो.

भिंतीवरचे घर

आता पुन्हा शाळेकडे. फोटो स्वच्छ असूनही जाती का सांगता येत नाही, याचे उत्तर वाचकांच्या ध्यानात आले असेल. इव्हेन्हाइस यांना जाती सांगता आली, कारण त्या प्रजातीत आधी दोनच जाती होत्या आणि दोन्हींपासूनचे वेगळेपण फोटोत दिसत होते. अँथ्रॅक्समध्ये जाती पुष्कळ आहेत, एकमेकींसारख्या आहेत, आणि त्यांना वेगळे करणाऱ्या खुणा आमच्या तीन फोटोंत नव्हत्या. ओळख कुठे थांबली आणि का, हे सांगणे हाही ओळखीचाच भाग आहे. मुलांना हे जरूर सांगावे.

फोटो घेणाऱ्यांसाठी थोडे. एकच फोटो दहा वेळा घेण्यापेक्षा वेगवेगळ्या बाजूंनी घ्यावेत. वरून पंखांच्या शिरा दिसाव्यात, बाजूने सोंड आणि पाय, समोरून डोळे आणि मिशा. जवळ मोजपट्टी किंवा नाणे ठेवावे. तारीख, वेळ, ठिकाण लिहावे. किडा कुठे बसला होता, कोणाच्या घरातून निघाला, हे तर सोडूच नये. परोपजीवी किड्याचा यजमान कोण, ही माहिती पुष्कळदा संग्रहालयातल्या नमुन्याजवळही नसते.

आणि एक गोष्ट आमच्याच चुकीची. त्या पहिल्या फोटोत आम्हाला हवे ते सगळे होते. भोकात अडकलेली कात म्हणजे कोणालाही न मारता मिळालेला नमुना. तिच्यावरचे काटे आणि केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले असते. कीटकांच्या अशा रिकाम्या कातीतून कधी कधी डीएनएही मिळतो. ती काडेपेटीत कापसावर ठेवा, घराचा तुकडा सोबत ठेवा, चिठ्ठीवर तारीख लिहा, एवढेच पहिल्या पत्रात लिहायला हवे होते. आम्ही मात्र कुल आणि प्रजाती सांगण्याच्या नादात ते विसरलो. दुसऱ्या पत्रात लिहिले तेव्हा सुट्टी लागली होती आणि शाळेला चुना देऊन झाला होता. भिंत पांढरी स्वच्छ होती, घर खरवडून टाकले होते.

फोटो आमच्याजवळ आहेत. मुलांना आता कामही आहे: पावसाळ्यानंतर नव्या घरांवर लक्ष ठेवायचे आणि भोकात अडकलेले टरफल दिसले की कोणी झाडू लावण्याआधी काडेपेटी आणायची.